व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट : एका सोप्या गणिताचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
इस्त्रीचा एक साधा प्रश्न. घरातील विद्युतदाब २३० व्होल्ट आहे आणि इस्त्रीतून ४ अँपिअर प्रवाह वाहतो. तर तिच्या तारेचा रोध किती आणि तिची शक्ती किती? २३० ला ४ ने भागले की रोध ५७.५ ओहम येतो. २३० ला ४ ने गुणले की शक्ती ९२० वॅट येते. दहावीचा विद्यार्थी हे उत्तर अर्ध्या मिनिटात काढतो. या गणितातील चारही एककांना माणसांची नावे आहेत. १७८० साली मात्र यांपैकी एकाही राशीचे सर्वमान्य एकक अस्तित्वात नव्हते आणि रोध ही कल्पनाही कोणी स्पष्टपणे मांडलेली नव्हती. हा भागाकार आणि हा गुणाकार शक्य होण्यास पुढे शंभर वर्षे लागली. हा थ्रेड त्या शंभर वर्षांविषयी.

२/
पहिले नाव हेन्री कॅव्हेंडिश यांचे. १७८१ च्या सुमारास लंडनमध्ये हा अत्यंत श्रीमंत आणि तितकाच अबोल शास्त्रज्ञ काचेच्या नळ्यांत मिठाचे द्रावण भरून त्यांतून वीज सोडत होता. विद्युतघट तेव्हा नव्हता, प्रवाहमापक नव्हता. वीज साठवायला लेडनची बरणी होती आणि मोजायला कॅव्हेंडिश यांचे स्वतःचे शरीर. दोन नळ्यांतून बसणारे झटके सारखे वाटेपर्यंत ते द्रावणाची लांबी कमीजास्त करीत. या ओबडधोबड पद्धतीने ते थेट नियमापर्यंत पोहोचले : विजेचा वेग तिला लोटणाऱ्या दाबाच्या प्रमाणात असतो. पण त्यांनी हे प्रसिद्ध केले नाही. त्यांचे कागद जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ साली छापले. तोवर त्या नियमाला दुसऱ्याचे नाव लागून गेले होते.

३/
दरम्यान साधने बदलली होती. १८०० मध्ये व्होल्टा यांनी विद्युतघटांची चळत जाहीर केली आणि सतत वाहणारी वीज हाती आली. १८२० मध्ये अर्स्टेड यांना दिसले की प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते. ती किती वळली यावरून आता प्रवाहाचा अंदाज बांधता येऊ लागला. त्याच वर्षी अँपिअर यांनी विजेचा ताण आणि विजेचा प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे प्रतिपादन केले. तरीही एक प्रश्न अनुत्तरित होता. तार लांबवली की सूचीचे वळणे कमी का होते, आणि नेमके किती? १८२५ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लो यांनी दोनशे फूट तारेतच परिणाम इतका घटलेला पाहिला की, विजेने दूरवर संदेश धाडण्याची कल्पना त्यांनी अव्यवहार्य ठरवली.

४/
हा प्रश्न सोडवणारा माणूस कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १७८९ चा, एर्लांगेन गावचा. वडील कुलुपे घडवणारे कारागीर. शाळेत फारसे न शिकताही त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने गणितात गती मिळवली होती आणि मुलांना तेच शिकवले. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ म्हणून प्रसिद्धीस आला. गेओर्ग यांनी मात्र बरीच वर्षे शिक्षकी करण्यात घालवली. १८१७ मध्ये ते कोलोनच्या एका जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले. या शाळेत बऱ्यापैकी प्रयोगशाळा होती. तास संपले की ते तेथे काम करीत आणि हाताने उपकरणे बनवण्याचे घरचे कसब तेथे कामी येई.

५/
पहिला प्रयत्न फसला. १८२५ मध्ये ओहम यांनी तारेची लांबी आणि प्रवाहाची घट यांचे नाते सांगणारे एक सूत्र छापले. त्यात लॉगॅरिथम होता आणि ते चुकीचे होते. दोष बव्हंशी घटाचा होता. त्या काळचे घट जोडणी करताच जोरात वाहत आणि काही क्षणांत मंदावत. दाब स्वतःच डळमळीत असेल, तर प्रवाहातील बदल तारेमुळे झाला की घटामुळे, हे ठरवणार कसे? संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवले की घटाऐवजी तापविद्युत युग्म वापरून पाहावे. दोन वेगळ्या धातूंचे सांधे निरनिराळ्या तापमानांना ठेवले की मंडलात प्रवाह वाहतो, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते.

६/
ओहम यांनी बिस्मथची कांब घेऊन तिच्या दोन्ही टोकांना तांबे जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन्ही तापमाने हलत नाहीत. म्हणून विजेला लोटणारा दाबही हलत नाही. प्रवाह मोजण्यासाठी त्यांनी सोन्याच्या चपट्या पट्टीला चुंबकसूची टांगली. प्रवाहाने सूची वळली की पट्टीला पीळ देऊन ती पूर्वीच्या जागी आणायची. त्यासाठी किती पीळ द्यावा लागला, ते प्रवाहाचे माप. मंडलात एकामागून एक जोडण्यासाठी सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा कापल्या : २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या.

७/
जानेवारी १८२६ मध्ये वाचने घेतली गेली. आठही तारांची मापे एका सूत्रात बसली : प्रवाह बरोबर एक स्थिर संख्या भागिले (दुसरी स्थिर संख्या अधिक तारेची लांबी). पहिल्या संख्येस 'अ' म्हणू, दुसरीस 'ब'. या सूत्रात बार्लो यांच्या कोड्याचे उत्तर आहे. तारेची लांबी दुप्पट केल्याने प्रवाह निम्मा होतोच असे नाही, कारण भागाकाराच्या छेदात तारेसोबत 'ब' ही आहे. म्हणजे चाचणीच्या तारेखेरीज मंडलात जे जे काही आहे, त्या सर्वांचा अडथळा. प्रवाह एका तारेवर ठरत नाही, संपूर्ण मंडलावर ठरतो. आधीच्या प्रयोगकर्त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, त्याचे हे एक मोठे कारण होते.

८/
यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. ओहम यांनी तारा त्याच ठेवल्या आणि सांध्यांच्या तापमानांतील फरक खूपच कमी केला. पुन्हा मापे घेतली, पुन्हा सूत्रात घातली. 'अ' ची किंमत एकदम उतरली. 'ब' जवळजवळ जशीच्या तशी राहिली. या एका निरीक्षणाने दोन गोष्टी कायमच्या वेगळ्या झाल्या. 'अ' हा उगमाचा गुण ठरला, आज ज्याला विद्युतदाब किंवा विभवांतर म्हणतात तो. छेदातील राशी हा वाहकाचा गुण ठरला, म्हणजे रोध. उगम बदला, वाहकाचा रोध तोच राहतो. असे नसते तर 'या तारेचा रोध किती' या प्रश्नाला अर्थच उरला नसता.

९/
दाब भागिले प्रवाह बरोबर रोध, हे शालेय सूत्र येथून आले. त्यासोबत एक अट येते आणि पुष्कळदा ती विसरली जाते : वाहकाचे तापमान बदलता कामा नये. धातूची तार तापली की तिचा रोध वाढतो. जुन्या पिवळ्या बल्बची तार थंड असताना तिचा रोध पेटलेल्या अवस्थेच्या मानाने बराच कमी असतो. इस्त्रीचा ५७.५ ओहम हा रोधदेखील तापलेल्या, चालू इस्त्रीचा आहे. भागाकार कोणत्याही क्षणी करता येतो आणि त्या क्षणीचा रोध देतो. तापमान स्थिर असताना धातूसाठी हे उत्तर दर वेळी एकच येते, हा ओहम यांचा नियम आहे.

१०/
ओहम यांनी शाळेतून अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि बर्लिनला जाऊन १८२७ मध्ये आपला ग्रंथ छापला. विद्युतमंडलाचे गणिती विवेचन हा त्याचा विषय. फुरिए यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचे गणित मांडले होते. ओहम यांनी त्या धर्तीवर विजेचे गणित रचले. जेथे तापमानातील फरक, तेथे दाबातील फरक. जेथे उष्णतेचा ओघ, तेथे विजेचा. पण या मांडणीत कोलोनचे प्रयोग मागे पडले आणि समीकरणे पुढे आली. अनेक जर्मन प्रयोगकर्त्यांना गणिताची सवय नव्हती. बर्लिनमध्ये हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव असलेले वर्तुळ निसर्गाच्या अशा आकडेमोडीकडे संशयाने पाहत होते. गेओर्ग फ्रीड्रिख पोल यांनी ग्रंथावर कठोर टीका लिहिली.

११/
विद्यापीठात जागा मिळेल ही आशा मावळली. १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. त्यांची चाळिशी जवळ आली होती. पुढील काही वर्षे बर्लिनच्या लष्करी शाळेत आठवड्याला थोडेसे तास शिकवण्यावर निघाली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. दरम्यान फेख्नर यांनी प्रयोगांनी नियम पडताळून पाहिला आणि फ्रान्समध्ये पुइये त्याच निष्कर्षाला पोहोचले. १८४१ मध्ये ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कॉप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद त्यांना १८५२ मध्ये मिळाले. १८५४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

१२/
भागाकाराची कथा येथवर. गुणाकाराची कथा मँचेस्टरजवळच्या एका मद्यनिर्मात्याच्या घरात सुरू होते. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा त्या घरचा तरुण मुलगा. वाफेच्या यंत्राऐवजी विद्युत चलित्र वापरणे परवडेल का, हा त्याचा व्यावहारिक प्रश्न होता. त्याने काचेच्या नळीभोवती तार गुंडाळली, ती पाण्यात बुडवली, तारेतून प्रवाह सोडला आणि तापमापीवर पाणी किती तापते ते पाहिले. प्रवाह दुप्पट केला की उष्णता दुप्पट होण्याऐवजी चौपट होई. तिप्पट केला की नऊपट. तारेचा रोध वाढवला की त्याच प्रमाणात उष्णता वाढे. १८४१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा ज्यूल बावीस वर्षांचे होते.

१३/
ज्यूल यांचा नियम असा : दर सेकंदाला निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते. ओहम यांचा नियम सांगतो की प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाब. दोन्ही एकत्र ठेवले की वर्गातील एक प्रवाह आणि रोध मिळून दाब होतो, आणि उरते ते दाब गुणिले प्रवाह. इस्त्रीवर पडताळा घेता येतो. ४ चा वर्ग १६. १६ गुणिले ५७.५ बरोबर ९२०. आणि २३० गुणिले ४, तेही ९२०. दोन वाटांनी एकच उत्तर येते, कारण एका वाटेत दुसरी आधीच सामावलेली आहे.

१४/
ज्यूल यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र निराशाजनक निघाले. घटात जस्त खर्ची पडते, वाफेच्या यंत्रात कोळसा. कॉर्नवॉलमधील उत्तम वाफेची यंत्रे एक पौंड कोळशात जितके काम करीत, ते ज्यूल यांच्या चलित्राने एक पौंड जस्तात केलेल्या कामाच्या सुमारे पाचपट होते. शिवाय जस्त महाग. त्या वर्षांत विद्युत चलित्रांविषयी मोठमोठ्या आशा व्यक्त होत होत्या. ज्यूल यांनी हिशेब करून पाहिला आणि घटावर चालणाऱ्या चलित्राचा नाद सोडला. उष्णता आणि काम यांच्या नात्याचा शोध हे त्यांचे पुढचे आयुष्य झाले; त्याची सुरुवात या तोट्याच्या हिशेबात आहे.

१५/
तोवर हे सारे प्रयोगशाळेत होते. तारायंत्राने ते बाजारात आणले. १८५० च्या दशकात अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकण्याची योजना पुढे आली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी गणिताने दाखवले की समुद्राखालच्या तारेत संदेशाला होणारा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर उपाय म्हणून तांबे जाड हवे, शुद्ध हवे, वरचे वेष्टन जाड हवे. कंपनीचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस मूळचे शल्यवैद्य होते. त्यांना हा वर्गाचा नियम मान्य नव्हता. जाड तांबे महाग पडते. म्हणून बारीक तांब्याची तार बनली.

१६/
ऑगस्ट १८५८ मध्ये ती तार आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत पोहोचली. राणी व्हिक्टोरिया यांचा अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास सुमारे सोळा तास लागले. संकेत मंद पडत होते. व्हाइटहाउस यांनी प्रवर्तन वेटोळी लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. तारेचे वेष्टन निर्मितीपासूनच सदोष होते, साठवणीत आणखी खराब झाले होते. या दाबाने उरलीसुरली कसर भरून निघाली. काही आठवड्यांत तार कायमची मुकी झाली. पुढच्या दोन वर्षांत ब्रिटिश सरकारच्या हमीवर टाकलेली, सुएझहून तांबड्या समुद्रामार्गे कराचीला येणारी तारही निकामी ठरली.

१७/
सरकार आणि कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली. अपयशाच्या मुळाशी एक उणीव स्पष्ट दिसत होती : मोजमापाची समान भाषा नव्हती. इंग्रज अभियंते रोध सांगताना ठरावीक जाडीच्या तांब्याच्या तारेचे मैल मोजत, फ्रेंच लोखंडी तारेचे किलोमीटर, जर्मन आपले जर्मन मैल. तांब्याच्या शुद्धतेनुसार एका मैलाचा रोध दुसऱ्याशी जुळत नसे. १८६१ मध्ये क्लार्क आणि ब्राइट या अभियंत्यांनी शास्त्रज्ञांच्या नावांवरून एककांना नावे देण्याची सूचना केली. त्यांच्या यादीत 'व्होल्ट' हे रोधाचे एकक होते आणि 'ओहमा' दाबाचे! पुढे नावांची अदलाबदल झाली. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाण ठरवण्यासाठी समिती नेमली.

१८/
समितीच्या वतीने मॅक्सवेल, फ्लीमिंग जेन्किन आणि बाल्फर स्ट्यूअर्ट यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात एक वेटोळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात गरगर फिरवून रोध मोजला. त्यातून १८६५ मध्ये प्रमाणित रोधाची वेटोळी तयार झाली. हे माप एक टक्क्याहून किंचित अधिक चुकले होते, असे पुढे आढळले. तरी सर्वांची चूक आता एकसारखी होती. दर मैलाचा रोध ठाऊक असला की तुटलेल्या तारेचा किनाऱ्यावरून रोध मोजून दोष किती मैलांवर आहे हे सांगता येई. १८६६ ची अटलांटिक तार जवळजवळ तिप्पट तांब्याची होती आणि ती टिकली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबईहून एडनकडे तार टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

१९/
१८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर ही नावे त्यांच्या आजच्या अर्थाने मान्य झाली. शक्तीचे एकक उरले होते. १८८२ मध्ये साउदॅम्प्टन येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम सीमेन्स यांनी ते सुचवले : एक व्होल्ट दाबाखाली एक अँपिअर प्रवाह वाहतो तेव्हाची शक्ती, आणि नाव वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॅट यांचे. म्हणजे शाळेत सूत्र म्हणून शिकवला जाणारा गुणाकार वॅटच्या पहिल्या व्याख्येतच होता. १८८९ च्या पॅरिस परिषदेने वॅट आणि ज्यूल ही दोन्ही एकके स्वीकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ज्यूल यांचे निधन झाले.

२०/
या हिशेबाचे महाराष्ट्रातील एक मोठे उदाहरण खोपोलीचे. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या घाटमाथ्यावरचे पाणी खाली सोडून तेथे टाटांच्या केंद्रात वीज तयार होऊ लागली आणि मुंबईच्या गिरण्यांना पुरवली जाऊ लागली. ती सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने पाठवली जाई. इतका दाब कशासाठी? शक्ती तेवढीच ठेवून दाब शंभरपट केला की प्रवाह शंभरावा हिस्सा होतो. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने ठरते, म्हणून ती दहा हजारावा हिस्सा होते. हजार व्होल्टने तीच वीज खोपोलीहून मुंबईकडे निघाली असती, तर गिरणीपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत संपली असती.

२१/
आता पुन्हा इस्त्रीकडे. २३० भागिले ४. या भागाकारात 'उगम बदलला तरी तारेचा रोध तोच' हे गृहीत आहे. ते कोलोनच्या शाळेत बर्फ आणि उकळते पाणी यांच्या मदतीने सिद्ध झाले आणि ते करणाऱ्या शिक्षकाने पुढे नोकरीचा राजीनामा दिला. २३० गुणिले ४. या गुणाकारात पाण्यात बुडवलेली तार आणि जस्ताचा तोट्याचा हिशेब आहे. शेजारी लिहिलेली ओहम आणि वॅट ही दोन नावे ठरण्याआधी दोन समुद्री तारा निकामी झाल्या आणि त्यांत गुंतलेला पैसा पाण्यात गेला. आज इस्त्रीच्या मागे चिकटवलेल्या पट्टीवर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतात. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो, आणि व्होल्टला त्या प्रवाहाने भागले की रोध. घरातली कोणतीही इस्त्री उलटी करून हे गणित करून पाहता येईल. प्लग मात्र आधी काढावा.